समजा, हेच गाणं…

"समजा," असे म्हणून ते थांबत.

उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर उभी धरत, मान किंचित डावीकडे कलती करत, आणि समोरच्याने हातातले काम बाजूला ठेवले आहे याची खात्री पटल्याशिवाय पुढचा शब्द उच्चारत नसत. मग म्हणत, "समजा, हेच गाणं चर्चमधल्या चाळीस माणसांनी उभं राहून म्हटलं, तर?"

'हेच गाणं' म्हणजे त्या क्षणी आसपास वाजत असलेले कोणतेही चित्रपटातले गाणे. ते इस्त्रीवाल्याच्या रेडिओवरून येत असेल, कोणाच्या फोनमधून किंवा पलीकडच्या रस्त्यावरच्या लग्नाच्या मांडवातून. तुम्ही-आम्ही गाणे ऐकतो आणि पुढे चालू लागतो. त्यांना ते जसे आहे तसे ऐकून सोडून देता येत नसे.

मी गणिताची शिक्षिका. शिकले मराठीत, शिकवले इंग्रजीत आणि अडले तेथे कन्नडमध्ये; पण भूमितीची प्रत्येक सिद्धता माझ्या मनात एकतीस वर्षे 'समजा' या शब्दानेच सुरू झाली. त्यामुळे हा शब्द कोणी हलक्याने वापरला की मला खपत नाही. 'समजा' म्हटले की पुढे पक्ष, साध्य आणि सिद्धता ओघाने आलीच पाहिजेत. बंगळुरात येलहंक्याला आमच्या सोसायटीच्या बागेत त्यांनी प्रथम मला अडवून ते चर्चचे वाक्य ऐकवले, तेव्हा मी वर्गातल्याच आवाजात विचारले, "कारण?"

त्यांचा चेहरा उजळला.

"गाणं दारुड्याचं आहे, टीचर. नायक एकटा, हातात बाटली, रस्ता मोकळा. त्याला वाटतं, आपलं कोणी नाही. म्हणून मी त्याच्यामागे चाळीस जण उभे केले. तो स्वतःला एकटा समजून गातोय आणि मागे चाळीस जण सूर धरून आहेत. त्याला दिसत नाहीत, एवढंच."

सिद्धता पुरी झाली होती. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

ते विमानांच्या एका सरकारी कारखान्यात कंपन-चाचणीच्या विभागात होते. एखादा सुटा भाग यंत्रावर बसवायचा, त्याला निरनिराळ्या वेगाने हलवायचे आणि तो कोठे कुरकुरतो, कोठे तडकतो हे पाहायचे, असे त्यांचे काम. आजोबांच्या वेळेपासून घर बंगळुरात. आधी राजाजीनगरला, निवृत्तीनंतर येलहंक्याला. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतके मुरले होते, की हे शब्द कन्नड आहेत असे कोणी म्हटले असते तर त्यांनी हरकत घेतली असती. स्वतः त्यांना मुळीच गाता येत नसे. राष्ट्रगीताला ते ताठ उभे राहून नुसते ओठ हलवत. "इतरांचं बिघडायला नको," म्हणत.

गाण्याला दुसऱ्या घराण्यात, दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या वाद्यांत नेऊन बसवण्याच्या या छंदाचे त्यांनी नियम केलेले होते. शब्द बदलायचे नाहीत. चालीचा कणा बदलायचा नाही. आणि कारण सांगता आलेच पाहिजे. कारण नसेल तर ती गाण्याची चेष्टा. पाठलागाच्या दृश्यातले एक धावते गाणे त्यांनी अंगाई म्हणून कल्पिले होते, कारण "पळणाऱ्याला शेवटी झोपायचंच असतं." पाठवणीच्या एका रडक्या गाण्याला त्यांनी बँडवाल्यांच्या संचलनाचा ठेका दिला, कारण "बाप रडला की मुलगी थांबते. बँड थांबू देत नाही." खलनायकाच्या अड्ड्यावरचे नाचाचे गाणे देवळातल्या नादस्वरावर वाजवावे, असे मात्र ते अनेक वर्षे म्हणत राहिले आणि कारण सापडले नाही म्हणून ते त्यांनी कधीच मंजूर केले नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेली एक संगणक अभियंता राहते. ती एकदा म्हणाली, "काका, पण हे तर रिमिक्स झालं ना?"

"छे, छे. रिमिक्समध्ये गाण्याला पळवून नेतात. मी त्याला दुसऱ्याच्या घरी जेवायला नेतो. जेवण झालं की सोडतो परत."

"आणि त्याला ते जेवण आवडलं नाही तर?"

"तर घरी येऊन तक्रार करेल. आपण करत नाही?"

रिक्षात बसले की त्यांना विशेष स्फुरण चढे. एकदा माझी पेटी दुरुस्तीला न्यायची म्हणून आम्ही दोघे हेब्बाळच्या पुलावरून चाललो होतो. चालकाच्या रेडिओवर होडीतल्या प्रेमिकांचे गाणे लागले. "अण्णा, स्वल्प जोर," असे म्हणून त्यांनी आवाज वाढवून घेतला आणि कन्नडमध्ये त्याला विचारले, की समजा हेच गाणे भाताची लावणी करणाऱ्या बायकांनी म्हटले तर? चालकाने आरशातून आमच्याकडे पाहिले.  उतरल्यावर तो म्हणाला, "सार, मग होडी कशाला? दोघांना बांधावर बसवा. बायका बघतायत म्हटल्यावर नीट वागतील." हे उत्तर त्यांनी पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगितले. "बघा टीचर, ह्याला म्हणतात कारण!"

पण हा छंद एकट्याचा नव्हता, आणि तो कोणाच्या आधारावर उभा होता हे सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, सोलापूरकडच्या. बंगळुरातल्या मराठी मंडळींचा कोणताही कार्यक्रम असो, तीस वर्षे शेवटचे गाणे वहिनींचे असे. त्यांच्या घरात नेम ठरलेला होता. बैठकीच्या खोलीतून ते "समजा" म्हणायचे, आणि स्वयंपाकघरातून वहिनी, हात कणकेत असताना, त्यांनी सांगितलेल्या ढंगात एक ओळ म्हणून दाखवायच्या. लगेच निकाल यायचा: "बसतंय." किंवा, "नाही हो बसत. कोपर बाहेर येतंय." त्यांच्या डोक्यात कितीही गाणी असोत, ती खरी होत असत ती स्वयंपाकघरातल्या त्या एका ओळीत.

मग वहिनींच्या गळ्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. गाठ निरुपद्रवी निघाली, पण सूर वर नेणारी एक बारीक नस दुखावली. असे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. यात कोणाचा दोष नव्हता. वहिनींचा आवाज खाली गेला, खरखरीत झाला. फोनवर लोक त्यांना 'सर' म्हणू लागले. "परवा एकानं मला, सर, मिसेसना फोन देता का, म्हणून विचारलं," असे त्या स्वतःच हसून सांगत. पण त्यांनी गाणे सोडले. दर बुधवारी दुपारी माझ्या घरी आम्हा बायकांचा गाण्याचा गट जमतो. तेथे त्या येत, वह्यांची पाने उलटून देत आणि तोंड मिटून बसत. घरी रेडिओवर त्या पूर्वी म्हणत असे एखादे गाणे लागले, तर त्या मधेच बंद करत.

आणि बैठकीच्या खोलीतून "समजा" गेले, तर स्वयंपाकघरातून फक्त भांड्याचा आवाज येई.

वहिनी पुन्हा गातील का, एवढाच आता त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जो छंद होता, तो आता काम झाला. ते काम घेऊन एका सकाळी ते माझ्याकडे आले. हातात आलेख-कागदांची गुंडाळी होती.

"टीचर, स्वल्प पेटी काढा. अकरा दिवसांची नोंद आहे."

त्यांनी फोनमध्ये आवाजाची कंपने मोजणारे साधन घेतले होते आणि वहिनींच्या नकळत स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवले होते. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर कंपने. प्रत्येक बिंदूजवळ पेन्सिलने बारीक अक्षरांत नोंद. 'अहो, दूध.' 'कोण आहे?' 'गॅस बंद करा.' सर्वांत वरचा बिंदू कबुतराचा होता. गॅलरीत शिरलेल्या कबुतराला वहिनींनी 'हुश हुश' केले तेव्हाचा.

मी पेटीवर ते बिंदू ताडून पाहिले. साधारण सहा सूर निघाले, सा पासून ध पर्यंत. ज्यांना संगीताची सवय नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करते. चित्रपटातल्या गाण्याला बहुधा दहा-अकरा सुरांची जागा लागते. आवाज खाली गेला तर पट्टी खाली घ्यावी, असे कोणीही सुचवील. पण पट्टी खाली घेतली की गाण्यातले खालचे सूर वहिनींच्या गळ्यात नुसती हवा होत, आणि वर घेतली की वरचे फाटत. सहा खोल्यांच्या घरात अकरा खोल्यांचे सामान मावत नव्हते.

"म्हणून असं घराणं शोधायचं," ते म्हणाले, "जिथं सहा सुरांत संसार करतात."

गाणे त्यांनी आधीच ठरवले होते. वहिनींचे नेहमीचे, शेवटचे गाणे: रात्र झाली आहे, नायिका गच्चीवर दिवा घेऊन उभी आहे आणि जो यायचा आहे त्याला हाक मारते आहे. अंतऱ्याच्या शेवटी तिची हाक वरच्या सा वर जाऊन पोहोचते. त्या जागी सभागृहातल्या लोकांनी श्वास रोखलेला मी, त्यांच्याशी ओळख होण्याआधीपासून, तीस वर्षे पाहिला होता.

पुढचे तीन महिने आम्ही ते गाणे दारोदार फिरवले. समजा, ही जात्यावरची ओवी आहे. समजा, हे जुन्या हॉटेलातल्या बँडसमोर खुर्चीत बसून कोणी बोलल्यासारखे गाते आहे. (वरच्या मजल्यावरचीने याला काहीतरी नाव सांगितले, त्यांनी ते लिहून घेतले आणि पुढे म्हणाले, "नाव असू दे. कारण सांग.") समजा, ही आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली आहे. शेवटी ओवी पक्की झाली. कारणही उत्तम होते: वाट पाहणारी बाई हातांना काम दिल्याशिवाय राहत नाही. मी स्वरलिपी काढली. वरचा सा ओवीत मावेना, तेव्हा त्या हाकेला आम्ही खाली आणून प वर बसवले. मी ती प्रत सुवाच्य अक्षरांत लिहिली, लाल शाईने ताल घातला. आम्हाला दोघांनाही ती फार सुबक वाटली.

गुरुवारी दुपारी आम्ही ती वहिनींना दिली. त्या जेवणाच्या टेबलाशी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, कागद लांब धरला आणि मनातल्या मनात वाचू लागल्या. त्यांची मान तालात हलत होती. मग थांबली.

"इथला वरचा सा कुठं गेला?"

"तो... स्वल्प खाली घेतला," ते म्हणाले.

"खाली घेतला म्हणजे काढला."

वहिनींनी कागद टेबलावर ठेवला.

"सोसायटीच्या दारात पायऱ्या तोडून उतार केलाय ना, चाकाच्या खुर्चीसाठी, तसं केलंत तुम्ही दोघांनी. चांगलं केलंत हो. पण मला त्याच्यावरनं ढकलत कोण नेणारेय?" मग त्यांची नजर टेबलावरच्या आलेखांकडे गेली. एक त्यांनी उचलला. "हे काय? 'अहो, दूध'?"

त्यांना सांगावे लागले.

"अकरा दिवस मी दूध-दूध म्हणून ओरडत होते आणि तुम्ही मोजत बसला होतात? दूध उतू गेलं त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीचा बिंदू चांगला आलाय," ते हळूच म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची चौघडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाई, कॉफी घेऊन जा." पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

आमची चूक काय झाली, हे मला सांगितलेच पाहिजे, कारण चूक न तपासता उत्तर खोडणे मी मुलांनाही करू देत नसे. आम्ही मोजमाप बरोबर केले होते, मांडणीही बरोबर होती. पण ज्या माणसाचे गाणे, त्याला एकदाही न विचारता आम्ही त्यातून सूर काढून टाकला. ज्याने आयुष्यभर तो सूर लावला, त्याला दुसरे काही ऐकू येतच नाही; जो नाही तोच ऐकू येतो. कंपने मोजणाऱ्या माणसाने आणि भूमिती शिकवणाऱ्या बाईने मिळूनच अशी चूक करावी.

त्यानंतर त्यांचे 'समजा' बंद झाले. बागेत भेटत, नमस्कार करत, पुढे जात. इस्त्रीवाल्याने मला विचारले, "अक्का, सार बरे आहेत ना? रेडिओ लागला तरी थांबत नाहीत." मी बरे आहेत म्हणून सांगितले. ते बरे नव्हते. एकदा बाकावर ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "टीचर, कारखान्यात आम्ही तुटलेला भाग टाकून देत होतो. दुसरा यायचा. मला दुरुस्ती येतच नाही."

 

त्यावरचे उत्तर हेब्बाळला मिळाले. त्यांच्या नात्यातल्या एका मुलाचे लग्न झाले आणि घरच्यांनी निपाणीकडून गोंधळी बोलावले. सभागृहाची वेळ पाळायची म्हणून हल्ली गोंधळ संध्याकाळीच आटोपतात. आम्ही तिघे दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मुख्य गोंधळी वयस्कर होता. त्याचा आवाज इतका बसलेला होता, की तो गाण्यापेक्षा बोलतच होता. एकेका देवतेचे नाव घेऊन तिला यायला सांगत होता. त्याची ओळ अर्ध्यावर आली की मागचे दोन साथीदार ती उचलत आणि वर, खूप वर नेत. तो तेवढा वेळ स्वस्थ उभा राही. मग पुन्हा खालून सुरुवात करी.

वहिनींनी त्यांचे मनगट धरले.

"अहो."

"हं."

"तो वर जातच नाहीये."

"कोण?"

"म्हातारबाबा. बघा ना. अर्ध्यात सोडतो. वरचं सगळं मागचे दोघं घेतात. आणि तरी गाणं त्याचंच आहे."

ते बघू लागले. मीही बघू लागले. संबळ जोरात वाजत होते आणि वहिनी त्या आवाजात, त्यांच्या त्या खरखरीत आवाजात, म्हणाल्या, "समजा, माझं गाणं असं म्हटलं तर?"

मला वाटले, ते आनंदाने उठून उभे राहतील. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी बायकोकडे वळून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "कारण?"

"कारण काय, ती गच्चीवर उभी आहे. बोलावतेय. हा बघा कसा बोलावतोय देवीला. एकटा बोलावतोय का? इतक्या लांबच्याला एकट्या माणसाची हाक पोचते होय? मागं चार जण लागतातच."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, उगीच त्याची घडी मोडली, पुन्हा घातली आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "सरी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सरी, सरी."

पुढच्या बुधवारपासून तालीम सुरू झाली. या वेळी कागद वहिनींकडे होता आणि मी फक्त पेटीवर. त्यांनी गटातल्या चौघींना निवडून मागे उभे केले. त्यांत वरच्या मजल्यावरचीही होती. ती म्हणाली, "वहिनी, तो वरचा सा मला जमेल असं वाटत नाही. खूप हाय आहे. थोडा खाली घेऊ?"

"नाही. एक सूर कमी करायचा नाही. मला लागत नाही तो तुम्ही लावायचा. पण लावायचा!"

तिने तो लावला. पहिल्या तीन बुधवारी फारच वाईट लावला.

ज्या दिवशी गाणे पुरे उभे राहिले, त्या दिवशी ते ऐकायला आले. दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारच्या खुर्चीत बसले. ढोलकीवर एकीने गोंधळाचा ठेका धरला. वहिनी खालून, जवळजवळ बोलल्यासारख्या, सुरू झाल्या. आवाजाची खरखर आता दोष वाटत नव्हती. ज्या बाईने फार वेळ वाट पाहिली आहे तिचा आवाज असाच होणार, असे वाटत होते. अंतऱ्याच्या शेवटी त्यांनी हाक अर्ध्यावर सोडली, डोळे मिटले, आणि चौघी ती हाक उचलून वर घेऊन गेल्या. वरचा सा पोहोचला. तो वहिनींच्या गळ्यातून गेला नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो लागलेला मला स्पष्ट दिसला.

गाणे संपल्यावर सगळ्यांना कॉफी देऊन वहिनी माझ्या स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा ते उठून पेटीजवळ आले. त्यांच्या हातात कॉफीचा पेला होता. "ढोलकी स्वल्प पुढे पळत होती," ते म्हणाले. "दुसऱ्या अंतऱ्यात. बाकी..." त्या 'बाकी'च्या पुढे त्यांना जाता आले नाही. त्यांनी हातातला पेला माझ्या पेटीवर ठेवला. माझ्या पेटीवर मी कधी कोणाला रुमालसुद्धा ठेवू दिलेला नाही. त्या दिवशी कॉफीचा गोल डाग पडला आणि मी तो पडू दिला.

वहिनी आतून ओरडल्या, "अहो, बसतंय का?"

तीस वर्षांत पहिल्यांदा निकाल त्यांना द्यायचा होता. त्यांनी मान हलवली. ती वहिनींना आतून दिसणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर दीड वर्ष त्या घरातून पुन्हा आवाज येत राहिले. मग एका सकाळी ते बागेतून फिरून आले, बूट काढायला खुर्चीत बसले आणि उठले नाहीत.

वहिनी नऊ बुधवार आल्या नाहीत. मी मोजले, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. आम्ही त्या नऊ बुधवारी काही फारसे गायलो नाही. दहाव्या बुधवारी त्या आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. आम्ही एक साधे भजन घेण्याचे आपसांत ठरवले होते. मी पान काढू लागले, तशा त्या म्हणाल्या, "बाई, पट्टी पांढरी एक द्या. माझंच घेऊ."

ढोलकी सुरू झाली. त्यांनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. अंतरा आला. त्या हाकेच्या शब्दापर्यंत पोहोचल्या आणि जेथे सोडायची तेथे, अर्ध्यावर, त्यांनी ती सोडली. आता चौघींनी उचलायची होती.

एकीचाही सूर निघाला नाही. एक जमिनीकडे बघत होती, एकीने पदर तोंडाला लावला होता. वरच्या मजल्यावरचीने तोंड उघडले आणि तसेच मिटले. मी ती जागा पेटीने भरू शकले असते. माझी बोटे वर गेली नाहीत. ढोलकी एकटीच वाजत राहिली.

मला वाटले, वहिनी आता थांबतील. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी खालचा सा धरला. ज्या सुरावरून हाक निघायची, तोच, नुसता, लांब. श्वास संपला तेव्हा त्यांनी दुसरा घेतला आणि पुन्हा तोच धरला. आणि आमच्याकडे पाहिले, एकीनंतर एकीकडे. उत्तर मुलांना येते आहे हे ठाऊक असलेल्या बाई वर्गाकडे बघतात तसे. आवाज थरथरत होता, पण जागा सोडत नव्हता. तिसऱ्या श्वासाला वरच्या मजल्यावरची चढू लागली. तिच्यामागून दुसरी. मग उरलेल्या दोघी, आणि जिला गायला कोणी कधी सांगितले नव्हते अशी मीही.

आम्ही वर पोहोचलो, तेव्हा खाली त्यांचा सा चालूच होता.